पत्र्यावरचा पाऊस आणि मेलबर्नचं पत्र

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. तिळगूळ देता देता कुणीतरी विचारलं, "पोरगी कुठं चाललीय म्हणे?" मी म्हटलं, "मेलबर्नला. मेलबर्न विद्यापीठात, एम.एस.सारखंच आहे, इंजिनिअरिंगमधलं." त्यावर पलीकडच्या वहिनी अगदी मायेनं म्हणाल्या, "अमेरिकेचं जमलं नाही होय? असू दे ग. ऑस्ट्रेलियात काय, पैसे भरले की कोणालाबी घेतात."

वहिनींच्या मनात खोट नव्हती. समजूत काढायची म्हणूनच त्या बोलल्या. माझ्या हातात वाणाचं ताट होतं, मी काही बोलले नाही. पण ते वाक्य सहा महिने मनात बसून आहे. आज पावसामुळे शाळांना सुट्टी दिलीय, बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या गल्लीत पाणी वाहतंय, हे कारखान्यात गेलेत आणि घरात मी एकटी आहे. म्हणून त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर लिहायला बसलेय.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. आमचे हे उद्यमबागेत एका छोट्या मशीन शॉपमध्ये भागीदार आहेत. आमच्या दोघांच्या घराण्यांत पुणे-मुंबईपलीकडे शिकायला कुणी गेलेलं नाही. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, माझ्याच शाळेत, माझ्याबरोबर सकाळच्या बसनं येऊन-जाऊन.

वहिनींच्या वाक्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी मुलांना शिकवणाऱ्या संस्था शेकड्यांनी आहेत आणि सगळ्या एका तोलाच्या नाहीत. तिथं जाऊन वर्ष-दोन वर्षांत हिरमुसून परतलेली मुलं आपल्या भागातही आहेत. पण एका देशाच्या सगळ्या संस्था एकाच पोत्यात भरून त्यावर भाव लिहिणं बरोबर नाही. तिकडे जुन्या आणि संशोधनावर भर देणाऱ्या आठ विद्यापीठांचा एक गट आहे, त्याला 'ग्रुप ऑफ एट' म्हणतात. मेलबर्न, सिडनी, मोनाश, न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, ॲडलेड आणि कॅनबेऱ्यातलं ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी. यांतलं सिडनी १८५० चं, मेलबर्न १८५३ चं. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे मेलबर्न मुंबईपेक्षा चार वर्षांनी थोरलं.

एक गोष्ट मला फार आवडली. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठातून पदवी घेणारी पहिली बाई याच मेलबर्नमधून बाहेर पडली, बेला गेरिन, साल १८८३. त्याच १८८३ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला बोटीनं अमेरिकेला निघाल्या. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आनंदीबाईंना व्हिसा नव्हता लागला." ते तिचं खरं.

तर प्रवेशाची गोष्ट. मे २०२४ मध्ये आम्ही शहरातल्या एका कन्सल्टन्सीत गेलो. एसी खोली, भिंतीवर झेंडे, गेलेल्या मुलांचे फोटो. लेकीच्या व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, बी.ई.च्या आठही सेमिस्टरची गुणपत्रकं मी नीट फाइलला लावून नेली होती. समोरच्या तरुणानं विचारलं, "कुठं करायचं मनात आहे?" ती म्हणाली, "मेलबर्न विद्यापीठ, बायोमेडिकल इंजिनिअरिंग." तो म्हणाला, "ते विसरा. व्हीटीयूच्या पोरांना तिथं घेत नाहीत. मी तुम्हाला दोन दिवसांत ऑफर येईल अशी तीन नावं देतो." दिलीही. फाइल टेबलावर होती, त्यानं ती उघडलीसुद्धा नाही.

याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. संस्थेत मुलगा पाठवला की त्या संस्थेकडून एजंटला कमिशन मिळतं, हे मला नंतर कळलं. पण राग त्याचा नव्हे. चार वर्षांची मेहनत टेबलावर ठेवलेली असताना पान न उलटता निकाल द्यायचा, हे कुठल्याही शिक्षकाला सोसणार नाही. दहावीच्या पोराची कोरी वाटणारी उत्तरपत्रिकासुद्धा आम्ही शेवटच्या पानापर्यंत पाहतो.

त्या रात्रीपासून आम्ही दोघी विद्यापीठाची स्वतःची माहिती वाचायला बसलो. तीन रात्री लागल्या. सगळं तिथंच लिहिलेलं होतं, आणि सरळ इंग्रजीत. त्यातून जे कळलं ते इथं लिहिते, कारण आपल्या भागातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

पहिलं म्हणजे त्या विद्यापीठाची रचना. २००८ पासून तिथं एक वेगळी पद्धत आहे, तिला 'मेलबर्न मॉडेल' म्हणतात. आधी विज्ञान, कला, वाणिज्य अशी मोजकी, रुंद पायाची पदवी करायची, आणि वकिली, डॉक्टरकी, इंजिनिअरिंग हे धंद्याचं शिक्षण त्यानंतर पदव्युत्तर पातळीवर. त्यामुळे तिथला इंजिनिअरिंगचा मास्टर्स मुळात तीन वर्षांचा असतो. आपलं बी.ई. झालेलं असेल तर विषय ताडून पाहून एक वर्षाची सूट मिळू शकते. त्यासाठी नुसते गुण पाठवून भागत नाही. कुठल्या विषयात काय शिकवलं, तो अभ्यासक्रमही द्यावा लागतो.

दुसरं म्हणजे गुण. ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं भारतातल्या संस्थांना एकाच मापानं मोजत नाहीत. पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे त्यावरून किती टक्के लागतील ते ठरतं. पण व्हीटीयूला दार बंद असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तिच्या बॅचला सीजीपीएचे, म्हणजे दहापैकी मिळालेल्या सरासरी ग्रेड पॉइंटचे, टक्के करायचं सूत्र असं होतं: सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि १० नं गुणा. तिचा ८.६ होता. म्हणजे ७८.५ टक्के.

पण लेकीला घोर लागला होता तो तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताचा. त्या वर्षी कोरोना होता, वर्ग मोबाइलवर, आणि तिला त्या पेपरात अगदी काठावरचे गुण पडले होते. गणिताच्या बाईंची पोरगी आणि गणितात काठावर, हे तिनं मनाला फार लावून घेतलं होतं. तिला वाटायचं, तो एक कागद पाहिला की ते सगळंच बाजूला ठेवतील. मी तिला पाटीवर मांडून दाखवलं. तिकडे जी सरासरी पाहतात ती भारित सरासरी, ज्या विषयाला जितकी क्रेडिट तितकं त्याचं वजन. तिच्या बी.ई.ची एकूण क्रेडिट १७५ आणि त्या गणिताची ३. समज, ५ ऐवजी ९ पॉइंट पडले असते. फरक ४ चा. ४ गुणिले ३, भागिले १७५. ०.०७ सुद्धा नाही. चार वर्षं ज्या आकड्याला ती भीत होती तो एवढा होता. ती बराच वेळ पाटीकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आलं नाही. तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी बसून पाहिलं नव्हतं.

म्हणून आता शाळेत येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मी पहिलं हेच सांगते की भीती वाटली तर आधी तिचा हिशेब मांडा.

मग कागद. कागदांवर मी वेगळं लिहिलं पाहिजे, कारण हे सीमाभागातल्या माणसालाच कळेल. कर्जासाठी सासऱ्यांच्या जमिनीची कागदपत्रं काढली. त्यांच्या वडिलांच्या वेळचे, मुंबई राज्यातले कागद मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरचे उतारे कानडीत. आणि मेलबर्नचा अर्ज इंग्रजीत. एकाच शेताची एकाच फाइलमध्ये तीन भाषांत नोंद. सासरे गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्या सहीचा मराठी कागद हातात आला तेव्हा ह्यांनी तो डोक्याला लावला आणि मग झेरॉक्सला दिला.

गावाच्या नावाचंही तसंच. लेक २००१ ची. तिच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'बेलगाम' आहे, कारण 'बेळगावी' हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. २०१७ च्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रकावर 'बेळगावी'. आम्ही घरात बोलतो ते तिसरंच, बेळगाव. ही तिन्ही नावं एकाच गावाची आहेत, हे आम्ही एका वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहून सोबत जोडलं. त्या कागदाचा मसुदा करताना माझ्या मनात बरंच काही येऊन गेलं. आमच्या शाळेतल्या वर्गांची घटती पटसंख्या, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची मिरवणूक, सगळं. पण अर्जात दोन ओळी पुरतात, दोनच लिहिल्या.

एक सोय मात्र आम्हाला होती. व्हीटीयूचं मुख्यालय आपल्या मच्छेला आहे. ट्रान्स्क्रिप्टसाठी लेक घरून स्कूटीनं पंधरा-वीस मिनिटांत पोचली. तिथं तिला मंगळूरहून रात्रभर बसनं आलेला एक मुलगा भेटला, त्याला दुपारी जेवायला ती घरीच घेऊन आली. आमटी-भात आणि रताळ्याच्या काचऱ्या केल्या होत्या. तो जर्मनीला चालला होता. दोघांना मराठी-कानडीतलं एकमेकांचं फारसं कळत नव्हतं, पण कुठल्या कागदावर कुठला शिक्का लागतो यावर दोन तास बोलणं चाललं.

इंग्रजीची परीक्षा पणजीला. चोर्ला घाटात धुकं, गाडीत ती गप्प. विद्यापीठाला या परीक्षेत, आयईएलटीएसमध्ये, नवापैकी एकूण ६.५ हवेत आणि कुठल्याही भागात ६ च्या खाली चालत नाही. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोर एक माणूस बसून प्रश्न विचारतो. मराठी माध्यमाच्या मुलीला वाचता-लिहिता येतं, तोंड उघडायलाच अडतं. दोन महिने ती रोज संध्याकाळी गच्चीवर कपडे काढता काढता मोठ्यानं इंग्रजीत बोलायची. शेजारच्या आज्जींना वाटलं पोरगी फोनवर भांडतेय. एकूण ७ आले. बोलण्यात ७.

आता नंबरांबद्दल, कारण आमच्या ह्यांचा त्यावर फार विश्वास. आम्ही अर्ज केला तेव्हा विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या क्यूएस या संस्थेच्या जागतिक यादीत मेलबर्न १३ वं होतं. हे कारखान्यात सगळ्यांना सांगायचे, "जगात तेरावा नंबर." मला आनंद होताच, पण गणित शिकवणाऱ्याला नंबर दिसला की तो कसा काढला ते पाहिल्याशिवाय झोप येत नाही. मी पाहिलं. क्यूएसच्या शंभर गुणांतले ३० जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला, १५ नोकरी देणाऱ्यांच्या मताला. म्हणजे ४५ गुण लोक काय म्हणतात याचे. २० गुण त्या विद्यापीठातल्या लेखांचे दाखले इतरांनी किती घेतले याचे. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी याचे फक्त १०. त्याच वर्षी टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत तेच विद्यापीठ ३९ वं होतं आणि शांघायच्या यादीत ३७ वं. शांघायवाले लोकांची मतं विचारतच नाहीत, ते नोबेल, मोठ्या नियतकालिकांतले शोधनिबंध असं मोजतात. एकच पोरगी तीन परीक्षकांकडे गेली आणि प्रत्येकानं वेगळा विषय तपासला, असं ते आहे. तिन्ही नंबर खरे. तिन्ही नंबर मिळूनसुद्धा ती पोरगी कशी आहे ते कळत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये क्यूएसची नवी यादी आली. मेलबर्न १३ वरून १९ वर. सकाळी सात वाजता गल्लीच्या ग्रुपवर बातमी टाकणाऱ्यानं पुढं लिहिलं, "बघा, घसरलं." ह्यांचं तोंड उतरलं. मी त्यांना म्हटलं, अहो, या वर्षात तिथल्या इमारती तिथंच आहेत, शिकवणारे तेच आहेत, प्रयोगशाळेचे दिवे रात्री तसेच जळतात. आपली पोरगी काल फोनवर जे सांगत होती त्यात काय कमी झालं?

पण विद्यापीठाची कीर्ती म्हणजे काय, हे मला यादीतून कळलं नाही. ते मला माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या कानामागे कळलं.

२०२२ च्या जूनमध्ये तो आठवीत आला. उजव्या कानामागे एक छोटं यंत्र, त्यातून निघालेली वायर, आणि तिच्या टोकाला डोक्याला चिकटलेली रुपयाएवढी चकती. ती लोहचुंबकानं चिकटते. आतल्या बाजूला, कातडीखाली, दुसरी चकती शस्त्रक्रियेनं बसवलेली. जन्मतः ऐकू न येणारं मूल, लहानपणी सरकारी योजनेतून त्याला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत तार घालून ऐकवणारं हे यंत्र, बसवलं होतं. आईवडील शेतमजूर. वर्गात तो दुसऱ्या बाकावर, भिंतीला लागून बसायचा. फळ्याकडे तोंड करून मी बोलले की त्याचं सुटायचं. म्हणून मी वळून बोलायची सवय लावून घेतली. बावीस वर्षांत मला कुणी ती लावली नव्हती.

आमच्या शाळेच्या दोन वर्गांवर पत्रा आहे. पश्चिम भागातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की चाळीस मुलांतल्या एकालाही माझं ऐकू येत नाही. मी खडू खाली ठेवते आणि पाऊस ओसरायची वाट बघते. एकदा असाच पाऊस लागला आणि मी सवयीनं ओठांतल्या ओठांत म्हटलं, "आता हे समीकरण कोण सोडवणार?" तर हा उठला आणि फळ्यापाशी आला. त्यानं यंत्र बंद केलेलं होतं. तो माझे ओठ वाचत होता. त्या दिवशी अख्ख्या वर्गात मला ऐकणारा तो एकटाच होता.

हे मी घरी सांगितलं. लेक तेव्हा बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनला होती, प्रोजेक्टचा विषय शोधत होती. पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर शाळेत आली, बाकावर मोबाइल ठेवून तिनं पत्र्यावरच्या पावसाचा आवाज रेकॉर्ड केला. त्या आवाजातून माणसाचं बोलणं वेगळं काढायचं, असा तिचा प्रोजेक्ट झाला. फार ग्रेट झाला असं नाही, थोडंफार जमलं. पण तिला दिशा मिळाली. त्या मुलाच्या यंत्राच्या पुस्तिकेवर 'ऑस्ट्रेलिया' छापलेलं तिनं पाहिलं आणि ती शोधत गेली.

तिला सापडलं ते हे. मेलबर्न विद्यापीठात ग्रॅम क्लार्क नावाचे कानाचे सर्जन प्राध्यापक होते. त्यांच्या वडिलांना नीट ऐकू यायचं नाही, औषधाचं दुकान होतं, गिऱ्हाइकांना मोठ्यानं बोलावं लागायचं. पोरानं ते लहानपणी पाहिलं. अमेरिकेत एका इलेक्ट्रोडचं, म्हणजे विजेच्या एकाच टोकाचं, असं यंत्र तोवर बसवलं गेलं होतं, पण त्यातून बोलणं नीट कळायचं नाही, आवाज आहे एवढंच कळायचं. बोलणं कळायचं तर कानाच्या आत वेगवेगळ्या ठिकाणी अनेक इलेक्ट्रोड पोचवायला हवेत. आणि कानाच्या आतला तो भाग शंखासारखा वळलेला, अडीच वेढ्यांचा, वाटाण्याएवढा. तार सरळ घातली की अडकते. १९७७ मध्ये क्लार्क सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसले होते. त्यांनी एक शंख उचलला आणि गवताची पाती आत सारून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक अशी पाती अलगद वळत आत गेली. तार तशीच करायची, हे त्यांना तिथं उमगलं. १ ऑगस्ट १९७८ ला मेलबर्नमध्ये त्यांच्या या अनेक इलेक्ट्रोडच्या यंत्राची पहिली शस्त्रक्रिया झाली.

मला हे वाचून काय झालं ते नीट सांगता येत नाही. त्या शंखातली गवताची पाती, आणि आमच्या शाळेच्या दुसऱ्या बाकावरचा मुलगा. मध्ये पंचेचाळीस वर्षं आणि एक अख्खा महासागर. माझ्या लेखी विद्यापीठाचं नाव मोठं असतं ते अशानं. आणि म्हणूनच तिनं 'तेच विद्यापीठ' असा हट्ट धरला तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही.

हे सगळं आम्ही प्रवेशाच्या अर्जात लिहिलं का? नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना गुण, विषय, अभ्यासक्रम आणि इंग्रजी हवं होतं. लिहिलं ते व्हिसाच्या अर्जात. मार्च २०२४ पासून तिथं 'खरा विद्यार्थी' आहे का हे पाहणारे प्रश्न असतात, एका उत्तराला जास्तीत जास्त १५० शब्द. हाच कोर्स का, हीच संस्था का. तिनं आधी मराठीत लिहिलं, चार पानं झाली. मग तिचं तिनंच १५० इंग्रजी शब्दांत आणलं. पत्र्यावरचा पाऊस त्यात राहिला.

पैशाचं थोडक्यात लिहिते, पण लिहिते. शिष्यवृत्ती मिळाली नाही. फी वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर, तिकडचा डॉलर तेव्हा पंचावन्न-छप्पन्न रुपये. त्याशिवाय वर्षभराच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागले. व्हिसाचीच फी तेव्हा १,६०० डॉलर होती, तीही जुलै २०२४ मध्ये ७१० वरून वाढलेली. त्यात ऑगस्टमध्ये बातमी आली की २०२५ साठी परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २,७०,००० वर रोखणार. पुढे तो कायदा तिथल्या संसदेत अडकला, पण ते महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. शेत तारण आहे. ह्यांनी मशीन शॉपमधला हिस्साही तारण ठेवलाय. हा भार सगळ्यांनी उचलावा असं मी कुणाला सांगणार नाही. पैसे असले म्हणून प्रवेश मिळाला, असंही मी कुणाला म्हणू देणार नाही. आधी पत्र आलं, दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका रात्री. एक वर्षाची सूटही मिळाली होती. पैशाची जुळवाजुळव त्यानंतरची.

फेब्रुवारीत ती गेली. पिशवीत कुंदा, मेतकूट, आणि आज्जीनं दिलेली गोधडी. पहिल्या सहामाहीचा निकाल याच आठवड्यात लागला. तिकडे ८० च्या वर गुण म्हणजे पहिला दर्जा, ७० म्हणजेसुद्धा चांगलं मानतात. तिला एका विषयात ८१ आणि एकात ६८. पूर्वी ६८ ला रडली असती. यावेळी फोनवर म्हणाली, "आई, वजन काढलं मी त्याचं."

तो मुलगा दहावी पास झाला. ७४ टक्के. आता पीयूसीला, म्हणजे अकरावीला, शहरात येतो. परवा कॉलेज सुटल्यावर भिजत आमच्या घरी आला, यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात. टॉवेल दिला, चहा दिला. मी समोर बसून सावकाश बोलत होते, त्यानं वहीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. "ताईला पाठवा."

त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: मार्कंडेय नदीत पोरं पोहतात. मी काठावर बसतो. यंत्र काढून उतरलो तर कुणी हाक मारलेली कळत नाही, म्हणून आई सोडत नाही. पाण्यात चालणारं आणि आमच्यासारख्यांना परवडणारं करता येतं का? खाली त्यानं यंत्राचं चित्र काढलं होतं, अगदी मापात, वायरीसकट.

मी फोटो काढून पाठवला. आपल्यापेक्षा तिथं साडेचार तास पुढं, म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तिनं लगेच पाहिलं. बराच वेळ काही लिहून येईना. मग आलं, "चकतीचं माप मिलिमीटरमध्ये घे म्हणावं. आणि नदीचं पाणी किती गढूळ असतं तेही लिही."

तो पट्टी मागायला उठला तेव्हा त्याचा चहा अर्धाच झाला होता.